बालाघाटावरचा गारठा

सोलापूर सोडताना एसटीच्या निम्म्या खिडक्या उघड्या होत्या. तामलवाडी मागे टाकून गाडी घाट चढू लागली, तशा त्या एकेक करून बंद झाल्या. बालाघाटाचं पठार सोलापूरपेक्षा जवळपास 200 मीटर उंच. तेवढ्यानंही अंगावर काटा येतो. येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या, नुकतीच होऊन गेली होती. शिवारात कडब्याच्या खोपी अजून उभ्या होत्या आणि तुळजापुरात शाकंभरी नवरात्राआधीची देवीची मंचकी निद्रा सुरू होती. माणसांनाही पांघरुणातून उठू नये असं वाटावं, अशी हवा!

"उत्तरंचं वारं सुटलंय," शेजारचे आजोबा मफलर आवळत म्हणाले. वेधशाळा तरी वेगळं काय सांगते? ध्रुवावरची थंडी थेट आपल्याकडे येत नाही, मध्ये हिमालय आडवा आहे. पश्चिमी विक्षोभ काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकतो आणि त्याच्या मागून कोरडे वारे मध्य भारत ओलांडत दख्खनवर उतरतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी. जमिनीनं दिवसा साठवलेली ऊब रात्रीत उडून जाते. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा खाली आलं आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असलं, की थंडीची लाट म्हणतात. पुण्यात 17 जानेवारी 1935 ला पारा 1.7 अंशांवर गेला होता. तेव्हा महाराष्ट्राला थंडी नवी नाही.

धाराशिवच्या अलीकडे ओळखीच्या एका बागायतदाराकडे उतरलो. त्याच्या द्राक्षाच्या घडांत पाणी उतरायला लागलं होतं.

"नेमकं आत्ताच गारठा पडला की मणी तडकतो, मामा. तडकला की व्यापारी बागेत पाय ठेवत नाही."

मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले. बांधावर पाचट, ओलसर काटक्या, शेणकुटांचे ढीग. पहाटे तीनला उठून आम्ही ते पेटवले. जाळ नको, धूर हवा. तो वेलींवर पसरून राहिला की खालची ऊब लवकर निसटत नाही. सोबत ठिबकही चालू केलं, कारण पहाटेच्या हवेपेक्षा विहिरीचं पाणी कोमट असतं. "लाईट रात्रीची देतात म्हणून वर्षभर शिव्या घालतो," तो डोळे पुसत म्हणाला, "ह्या दिसात तेवढी बरी वाटती."

बांधापलीकडे त्याच्या चुलत्यांचा हरभरा आणि गहू. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पडू दे की अजून पंधरा दिस!" एकाच बांधाच्या दोन बाजूंना देवाकडे दोन उलट्या मागण्या.

गोठ्यात उस्मानाबादी शेळ्या होत्या. जिल्हा धाराशिव झाला, शेळी उस्मानाबादीच राहिली! एका वेताला बऱ्याचदा दोन करडं देणारी ही जात, त्यामुळे हिवाळ्यात त्यांना जपायचं कामही दुप्पट. वाऱ्याच्या बाजूला बारदानाचे पडदे, खाली कोरडा भुसा. वहिनींनी सगळ्यात लहान करडाला जुन्या स्वेटरची बाही चढवली होती.

पुढे येडशी, रामलिंगचा घाट आणि कळंबचा रस्ता. तिथे एका उसाच्या फडाशेजारी तोडकऱ्यांच्या कोप्या लागल्या. दवानं भिजलेला ऊस पहाटे चारपासून तोडायचा. बोटं वळत नाहीत, कोयता मात्र थांबवता येत नाही. कोपीत अंथरायला पाचट, तिघा लेकरांत एक घोंगडं. शेकोटी पार लांब, कारण एक ठिणगी उडाली तर सगळं जळायचं. "जाळ बाहेर आन् पोरं आत. कसं शेकायचं, दादा?" एक बाई म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात मोबाइलवर आलेल्या थंडीच्या सल्ल्यात द्राक्षं होती, करडं होती. फडातली पोरं नव्हती.

साखर कारखान्यांनी गाळपाआधी उसासोबत कोप्यांचीही मोजदाद करावी आणि दर कोपीमागे दोन जाड चादरी द्याव्यात. चादरींचं सोलापूर इथून काही लांब नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत तुम्ही तुळजापूरला दर्शनाला निघालात, तर गाडीत चार चादरी जास्तीच्या टाका आणि रस्त्यात फड दिसेल तिथे थांबा.