तेवीस किलोंचं बिऱ्हाड

सप्टेंबर महिन्यात चाकूरला लोकरीचे कपडे मिळत नाहीत. कापडाच्या दुकानात स्वेटर मागितलं तर दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग बाहेरच्या उन्हाकडे. आमच्याकडे हा महिना पावसाचा, घामाचा आणि सोयाबीनच्या शेंगा भरण्याचा. त्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, आम्हा दोघांना ऑक्टोबरात जर्मनीला जायचं होतं. मुलगी फ्रँकफुर्टला नोकरी करते. तिच्याकडे आठवडाभर राहायचं, तिथून रेल्वेने व्हिएन्ना आणि शेवटी स्पेनमधलं कॉर्डोबा, असा तिने बेत आखला होता. कॉर्डोबा माझ्या हट्टापायी.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. शरद ऋतू म्हटलं की निरभ्र आकाश, टिपूर चांदणं, असं फळ्यावर लिहून देत आलो. मुलगी फोनवर सांगत होती, "अब्बा, इथला शरद वेगळा असतो. सकाळी सात डिग्री, दुपारी अठरा, संध्याकाळी पाऊस. एकाच दिवसात तिन्ही." मी म्हटलं, मग तीन दिवसांचे कपडे एका दिवसात घालायचे का? ती म्हणाली, "हो, तसंच. एकावर एक."

तिचं शास्त्र असं की एक जाड कोट नेऊ नये, तीन पातळ थर न्यावेत. अंगाला चिकटून बसणारी आतली बंडी, तीही सुती नको; कारण सूत घाम धरून ठेवतं आणि मग गार पडतं. त्यावर लोकरीचं स्वेटर, कारण लोकर थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. सर्वांत वर वारा आणि पाऊस अडवणारं जाकीट. ऊन आलं की एकेक काढायचं, ढग आले की चढवायचं. ऊब कपड्यात नसते, दोन कपड्यांच्या मधे कोंडलेल्या हवेत असते, असं ती म्हणाली. हे ऐकून आमच्या बेगम हसल्या. त्यांच्या सासूने, म्हणजे माझ्या अम्मीने, जुन्या लुगड्यांचे सहा-सात पदर एकावर एक घालून शिवलेली वाकळ आजही आमच्या घरात आहे. त्यात लोकरीचा एक धागा नाही आणि डिसेंबरच्या पहाटे तिच्यातून बाहेर यावंसं वाटत नाही. "ये तो हमना मालूम हैच," एवढंच त्या बोलल्या. घरात आम्ही दखनी बोलतो. हिशेबाचं भांडण असलं की मराठीत भांडतो.

लोकर शोधताना शेवटी घरातलीच लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी दादांची, माझ्या आजोबांची, शेरवानी होती. काळी, जाड लोकरी कापडाची, गळ्यापर्यंत बटणांची. निजामी अमदानीत ते महसूल खात्यात कारकून होते. व्हिडिओ कॉलवर ती पाहून मुलगी म्हणाली, "अब्बा, हीच घाला. इथं लोक वळून वळून बघतील." तिला माहीत नव्हतं की दादांनी ती शेरवानी लोक वळून बघू नयेत म्हणूनच ट्रंकेत ठेवली होती.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती दिली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन मी शाळेत नोकरीभर केलं आणि मनापासून केलं. रझाकारांचा जुलूम याच मातीतल्या माणसांनी सोसला. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमानांवर जे गुदरलं, तेही याच मातीत. पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदवले. तो अहवाल कित्येक दशकं बासनात राहिला. आमच्या दादांना कुणी काही केलं नाही. त्यांनी फक्त शेरवानी काढून ठेवली आणि उरलेलं आयुष्य धोतर, सदरा आणि पांढऱ्या टोपीत काढलं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि अब्बांनी कधी विचारलं नाही. कपड्यावरून माणूस ओळखला जातो, हे कळायला आमच्या घराण्याला युरोपपर्यंत जायची गरज नव्हती.

शेरवानी दोन दिवस उन्हात ठेवली, कडुनिंबाचा पाला बदलला आणि परत ट्रंकेत गेली. कॉलरला कसर लागली होती. शिवाय ती एकटीच दोन किलोंच्या वर भरली असती.

खरा प्रश्न बेगमच्या कपड्यांचा होता. त्या साडी नेसतात, बाहेर पडताना वरून बुरखा घालतात आणि बाजारपेठेतून जाताना नकाब खाली घेतात. मुलीने हळूच सांगितलं की जर्मनीत रस्त्यावर चेहरा झाकायला बंदी नाही, पण ऑस्ट्रियात आहे. फ्रान्सने तसा कायदा २०१० साली केला आणि २०११पासून लागू केला. ऑस्ट्रियात तो ऑक्टोबर २०१७पासून आहे. दंड दीडशे युरोपर्यंत. डोक्याला ओढणी, स्कार्फ बांधायला मनाई नाही, चेहरा मात्र दिसला पाहिजे. मी गप्प राहिलो. नकाब घ्या असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मग सोडा असं कोणत्या तोंडाने सांगणार? आणि व्हिएन्नाच्या सरकारने ते सांगावं हेही मला पटत नव्हतं. एखाद्या बाईने काय झाकावं याचा हुकूम मौलवीने काढला काय आणि पार्लमेंटने काढला काय, हुकूम तो हुकूमच.

दोन दिवसांनी मुलीचा दुसरा फोन आला. एफएफपी-टू मास्क घेऊन या, कोरोनाचे नियम अजून आहेत. जर्मनीत लांब पल्ल्याच्या रेल्वेत आणि व्हिएन्नाच्या बस, ट्राम, भुयारी रेल्वेत मास्क सक्तीचा आहे, नसला तर दंड. बेगमनी दोन्ही निरोप शेजारी शेजारी ठेवले आणि मला म्हणाल्या, "क्या जी, ढांके तो बी जुर्माना, नै ढांके तो बी जुर्माना?"

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. रात्री जेवताना त्यांनी आपला निर्णय सांगून टाकला. "नकाब मी इथं का घेते? बाजारात सगळे ओळखीचे. तुमचे विद्यार्थी, त्यांचे बाप. तिथं मला कोण ओळखतंय? लांब ओव्हरकोट आणि स्कार्फ घालीन. साडी मात्र सोडणार नाही." मग साडीखाली घालायला गरम पायजमे आले. सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आमच्या चाकूरला आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याने काश्मीरच्या बर्फात वापरलेले दोन जोड काढून दिले. ते आत, वर परकर, वर साडी, वर स्वेटर, वर ओव्हरकोट. मुलीच्या तीन थरांच्या शास्त्राला आईने पाच थरांनी उत्तर दिलं.

माझी अडचण पायांची होती. थंडीत, परक्या गावी, हॉटेलच्या वॉश-बेसिनमध्ये पाय वर करून वजू करणं साठीनंतर जमत नाही. हैदराबादहून चामडी मोजे मागवले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे खुफ्फैन. पूर्ण वजू करून ते एकदा चढवले की पुढच्या वजूला पाय धुवायचे नाहीत, ओला हात वरून फिरवायचा. घरी असताना ही सवलत एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्र. मुसाफिराची थंडी धर्माने आधीच जोखून ठेवली होती म्हणायची. सोबत प्लास्टिकचा एक छोटा तांब्याही घेतला. का, ते वाचकांना सांगायला नको.

बॅग आडतीवरच्या काट्यावर नेली. शेजारच्या काट्यावर उडदाचं पोतं होतं. विमानाची मुभा माणशी तेवीस किलोंची. आमची एक बॅग सव्वीस भरली. हमाल म्हणाला, "गुरुजी, तीन किलो कटती लावा." बेगमनी एक शाल आणि माझा जादा कोट काढला. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि ज्वारीचं पीठ यांना हात लावला नाही.

आखातातल्या विमानतळावर चार तास थांबलो. शेजारच्या बाकांवर उमऱ्याला निघालेली माणसं बसली होती. अंगावर एहरामच्या दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी, पायात चपला. अब्बा जहाजाने हजला गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तेच दोन तुकडे होते आणि तळाशी घडी करून ठेवलेला कफन. सगळ्या ऋतूंना पुरेल असं सामान. त्यांच्यासमोर मी तीन थर चढवून घाम पुशीत बसलो होतो.

आणि मग थंडी आलीच नाही. २०२२चा ऑक्टोबर युरोपात तोपर्यंतच्या नोंदींमधला सर्वांत उबदार ऑक्टोबर ठरला. सकाळी गारवा असायचा, जाकीट लागायचं; दहा वाजले की ते हातावर. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेत तर मजाच झाली. डब्यात चढताना बेगम मास्क चढवायच्या, रस्त्यावर आल्या की काढायच्या. डब्यातल्या सगळ्याच बायकांचे फक्त डोळे दिसत होते. "आता इथं मीच काय ती वेगळी नाही," त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी चाकूरहून धाकट्या भावाचा फोन आला. परतीच्या पावसाने सोयाबीनची गंजी भिजली, ताडपत्री वाऱ्याने उडाली. हवामान बदलतं म्हणून आम्ही इकडे स्वेटर वाहत होतो, आणि ते बदललं होतं तिकडे.

कॉर्डोबात भर दुपारी आमची ऑक्टोबर हीट आठवावी असं ऊन होतं. इक्बाल १९३३ साली जिथे येऊन गेले, त्या मशिदीत आज चर्च आहे आणि मुसलमानांना तिथे नमाज पढू देत नाहीत. खांबांच्या रांगांतून आम्ही नुसते फिरलो. बाहेर संत्र्यांच्या झाडांखाली बसून मी बेगमना झिरयाबची गोष्ट सांगितली. हा बगदादचा गवई ८२२ साली इथल्या दरबारात आला. गाणं तर त्याने शिकवलंच. पण ऋतू पाहून कपडे बदलावेत हेही त्यानेच शिकवलं, असं सतराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्करी लिहितो. भर उन्हाळ्यात पांढरे, वसंतात हलके रंगीत, उन्हाळा सरताना अस्तर भरलेले आणि कडाक्याच्या थंडीत केसाळ कातड्याचे. एवढं सगळं एकट्याने शिकवलं यावर माझा पुरता विश्वास नाही. दरबारी गवयांच्या नावावर बरंच काही जमा होतं.

बेगमनी सगळं ऐकून घेतलं, ओव्हरकोट काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "त्याचं सामान कोण उचलत होतं?"

ती बॅग सध्या आमच्या घरी नाही. अहमदपूरच्या एका ओळखीच्या जोडप्याचा मुलगा नेदरलँडला असतो, ते मागच्या वर्षी घेऊन गेले. गरम पायजमे, जाकिटं, दोन्ही स्वेटर आतच होते. चामडी मोजे मी ठेवून घेतले. बेगमनी तांब्या मात्र न विसरता बॅगेत घातला.