नदी दिसेल असे भोजनगृह

संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही सहकुटुंब वसईहून जुन्या गोव्याला गेलो. से कॅथेड्रलमधील दर्शन आटोपून दुपारी पणजीला परतताच मुलांनी एकमुखाने मागणी केली : रात्री जेवायचे ते नदी दिसेल अशाच ठिकाणी.

मागणी रास्त होती. पण डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि कितीतरी भोजनगृहांची चूल दुपारी विझते ती सातच्या पुढेच पेटते. आठ वाजता मांडवी दिसतच नाही. दिसतात ते तरंगत्या कॅसिनोंचे दिवे. शिवाय देखावा बहुधा गच्चीवर असतो, आणि आईच्या गुडघ्यांना जिने पेलत नाहीत. तिला खाली बसवून आपण वर जेवावे, हे कुटुंबाचे भोजन कसले?

म्हणून आम्ही देखावा आणि जेवण यांची फारकत केली. साडेपाचला मिरामारला, जिना नसलेल्या एका साध्या ठिकाणी चहा घेतला. आईची खुर्ची पश्चिमेकडे वळवली. सारा जन्म समुद्राकाठी गेलेली ती. तरी सूर्य बुडेपर्यंत तिने कपाला हात लावला नाही.

रात्री आतल्या गल्लीतील खानावळीत गेलो. खिडकीबाहेर नुसती भिंत. आईने क्रूसाची खूण केली, आणि जेवताना १९७४ सालच्या दर्शनसोहळ्याची हकिकत प्रथमच सांगितली. बाबांबरोबर ती मुंबईहून बोटीने आली होती. उतरल्यावर दोघांनी एकच थाळी घेतली होती, पैसे तेवढेच होते. मुलांनी किंमत विचारली. ती तिला आठवेना; कालवण तिखट होते, एवढे मात्र आठवत होते.