मनगटावरची रेघ

वाट दाखवणारे घड्याळ म्हणजे मनगटावर बांधलेला रेडिओ. तो फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा अखंड सांगत असतात. तो संदेश खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. कोणत्या उपग्रहाचा संदेश किती उशिरा पोचला, यावरून घड्याळ स्वतःचे ठिकाण काढते. अक्षांश, रेखांश, उंची आणि घड्याळाच्या वेळेतली चूक अशा चार गोष्टी शोधायच्या असल्याने निदान चार उपग्रह लागतात. हिशेब फार नाजूक आहे. एक अब्जांश सेकंद चुकला तर अंतर ३० सेंटिमीटरने हुकते.

या सगळ्याशी मोबाइलच्या टॉवरचा संबंध नाही. तरी शिरूरहून निघोजच्या कुंडाकडे निघालेल्या माणसाची वाटेत रेंज गेली, की तो ‘जीपीएस बंद पडले’ म्हणतो आणि घड्याळाकडे बघणेच सोडून देतो. हे वर्षानुवर्षे समजावून सांगावे लागते आहे. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घ्यायला, आणि ते काम घरी आदल्या रात्री करायचे असते. दुसरा समज याच्या उलट टोकाचा, की उपग्रह आपल्याला वरून बघतो आहे. खाली कोण चालले आहे याचा उपग्रहाला पत्ताच नसतो.

मनगटावर हे यंत्र आले १९९९ मध्ये, कॅसिओच्या एका जाडजूड घड्याळातून. तेव्हा जीपीएस चालवणारी अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे आणि ठिकाण शंभर मीटरपर्यंत हुके. मे २००० मध्ये ती भेसळ थांबली, तेव्हा कुठे पायवाटेसाठी हे साधन कामाचे झाले. भारताच्या नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. पण तिचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या रेडिओ-पट्ट्यांवर बोलत, आणि साध्या घड्याळाला कळतो तो एल-१. त्यामुळे आपलीच प्रणाली आपल्या मनगटापर्यंत पोचायला उशीर झाला, ही खंत आहे. एल-१ वर बोलणारा तिचा पहिला उपग्रह, एनव्हीएस-०१, २९ मे २०२३ ला सुटला.

चालायला लागण्याआधी घड्याळाला उपग्रह सापडू द्यावे लागतात. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी सांगतो आणि तो खंड न पडता ऐकू यावा लागतो. एसटीतून उतरून स्थानकाच्या पत्र्याखालीच नोंदीचे बटण दाबणाऱ्याची घड्याळात उमटणारी रेघ पहिल्या अर्ध्या किलोमीटरभर घरांच्या छपरांवरून जाते, ती यामुळे. मोकळ्यावर येऊन दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे. आदल्या रात्री घड्याळ मोबाइलशी जोडलेले असेल तर उपग्रहांचे पुढचे वेळापत्रक त्यात आधीच उतरलेले असते आणि फारसे थांबावे लागत नाही.

शिरूर-दौंडच्या माळरानावर आकाश चहूबाजूंनी मोकळे असते. तिथे चांगले घड्याळ तीन ते पाच मीटरच्या आत ठिकाण दाखवते. एल-१ आणि एल-५ दोन्ही ऐकणारे घड्याळ असले, तर खडकावर आपटून आलेले संदेश ते बरेचसे गाळू शकते. कुकडीच्या पात्रात, टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये जिथे पाण्याने बेसाल्टमध्ये कुंडाचे रांजणखळगे कोरले आहेत, तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो. उभ्या कातळाजवळ साध्या घड्याळाची रेघ नाचू लागते, माणूस जागचा हललेला नसतानाही.

उंचीचे प्रकरण वेगळे आहे. उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या ठिकाणापेक्षा नेहमीच ढोबळ असते, म्हणून बऱ्याच घड्याळांत हवेचा दाब मोजणारा संवेदक बसवतात. इथल्या उंचीवर दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ साधारण ९ मीटर चढ धरते. पण दख्खनच्या पठारावर दाब रोजच्या रोज भरती-ओहोटीसारखा हलतो. सकाळी दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलने खाली येतो. दहा वाजता लिंबाखाली डबा सोडून बसलेला माणूस चारपर्यंत तिथेच पडून राहिला, तरी त्याच्या खात्यावर ३० मीटरचा चढ जमा होतो. उपाय सोपा आहे, उंची माहीत असलेल्या जागी घड्याळ जुळवून घ्यावे. दौंड जंक्शनच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. फलाटावर उभे राहून तोच आकडा घड्याळात भरावा.

होकायंत्राबद्दल थोडक्यात. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक या भागात जवळपास शून्य आहे, त्यामुळे दुरुस्तीची गरज पडत नाही. सायकलचे हँडल, लोखंडी कडे आणि काही ठिकाणी खुद्द काळा खडक काट्याला ओढतात, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता रेघ. मार्गाची फाइल म्हणजे बिंदूंची यादी असते. प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, बहुधा उंची आणि वेळ. अंशाच्या पाचव्या दशांश स्थळातला आकडा एकाने बदलला की बिंदू जमिनीवर साधारण एक मीटर सरकतो. दोन बिंदूंच्या मध्ये घड्याळ सरळ रेषा ओढते, मग खाली विहीर असो की उभा ऊस. त्या रेषेपासून ठरावीक अंतर बाजूला गेले की मनगट थरथरते आणि ‘मार्ग सोडला’ असा इशारा येतो. इशारा आल्यावर पुढे चालत राहून रेघ पुन्हा गाठण्याचा मोह होतो, आणि तोच माणसाला काटवनात नेतो. थांबून, मागे वळून, शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत जाणे हाच बरोबर मार्ग.

‘घड्याळाने भलत्याच वाटेला लावले’ ही तक्रार खोलात जाऊन पाहिली, की बहुतेक वेळा ठिकाण अचूक निघते आणि चूक रेघेत सापडते. हे पुन्हापुन्हा सांगावे लागते, कारण घड्याळाचा दोष म्हटला की नवे महागडे घड्याळ घेण्यावर विषय संपतो आणि पुढच्या वेळी माणूस त्याच जागी पुन्हा अडकतो. रेघ म्हणजे कोणीतरी, कोणत्या तरी महिन्यात केलेली चाल. तिच्यात ऋतू नसतो.

घोड नदीवरचा एखादा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा घ्यावा. एप्रिलमध्ये एकजण त्याच्या माथ्यावरून कोरड्या पायांनी पलीकडे गेला आणि त्याने आपली रेघ सगळ्यांसाठी ठेवली. पावसाळ्यात बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतात, तेव्हा पूर त्याच्या अंगावरून वाहतो. पावसाळा सरल्यावर ढापे बसतात, पाणी अडते, आणि वरून डिंभे धरणाचे पाणी सुटले की भरलेल्या बंधाऱ्याच्या माथ्यावरून पातळ पडदा सांडू लागतो. घोटाभर पाणी, खाली शेवाळ, एका बाजूला डोह आणि दुसऱ्या बाजूला खडक. घड्याळावर हे सगळे नखाएवढ्या निळ्या पट्टीवरून गेलेल्या सरळ रेषेत मावते. दुसरा काठ शंभर मीटरवर आहे असे घड्याळ सांगते, आणि ते खरेच असते.

नकाशाचेही तेच. घड्याळांतले बरेच नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या २००४ पासून स्वयंसेवकांनी रेखाटलेल्या नकाशावर बेतलेले असतात. जिथे कोणी रेखाटले नाही तिथे पांढरी जागा उरते. सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे (शिरूर आणि दौंड दोन्ही ४७ जे या चौकटीत येतात) बारकाव्यांत श्रेष्ठ आहेत. मात्र ते एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या १८३० च्या पृथ्वीमापावर आखलेले आहेत आणि घड्याळ डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक मापावर चालते. अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उचलले तर या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडतो. त्याचेही खापर उपग्रहावर फुटते. २००५ च्या नकाशा धोरणानंतर सामान्यांसाठी निघालेली मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर आहे.

भीमेकाठी नकाशा ऋतूबरोबर बदलतो. उजनीचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. नकाशातला निळा काठ मे महिन्यात तडकलेला गाळ असतो. सिद्धटेकला पूर्वी शिरापूरच्या बाजूने नावेतून जावे लागे, आता पूल आहे. जुन्या नकाशावर बेतलेला मार्ग उगाच लांबून फिरवतो. पाणंद आणि शिवरस्ते यांची अवस्था याहून अवघड. गावनकाशावर पाणंद असते आणि जागेवर ती नांगरलेली किंवा बाभळींनी बुजलेली असते. अडवलेली वाट मोकळी करून मागायची तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. रेघ दिसते म्हणून कोणाच्या बांधावरून जाण्याचा हक्क मिळत नाही. वस्तीवर हाक मारून विचारावे. रस्ता माहीत असलेला माणूस सहसा तिथेच असतो.

शिरूर तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. घड्याळात सूर्यास्ताची वेळ दिसते. तिच्या तासभर आधी शिवारातून डांबरी रस्त्यावर येता येईल असा मार्ग आखावा. पडद्यात डोके घालून उसाच्या कडेने चालू नये. मुलांना पुढे पाठवू नये.

चार्जिंग टिकवण्यासाठी काही घड्याळांत दर सेकंदाऐवजी बऱ्याच अंतराने ठिकाण नोंदवण्याची सोय असते. सडकेवर ती चालते. वळणाच्या पाऊलवाटेवर कोपरे कापले जातात, अंतर कमी भरते आणि ही रेघ पुढच्या माणसाला बांधावरून नेते. तिथे दर सेकंदाचीच नोंद ठेवावी आणि पडद्याचा उजेड कमी करावा. आल्या वाटेने परत नेण्याची सोय बहुतेक घड्याळांत असते, आणि अनोळखी शिवारात तिच्याइतका भरवशाचा मार्ग दुसरा नाही, कारण ही रेघ स्वतःच्या पायांनी त्याच दिवशी काढलेली असते.

परतल्यावर नोंद जतन करताना नावात महिना आणि वर्ष घालावे. बंद फाटक, नवा पूल, बुजलेली पाणंद यांचे बिंदू वेगळे टिपावेत. बंधाऱ्याच्या बिंदूपुढे ढापे बसलेले होते की काढलेले आणि पाणी माथ्यावरून सांडत होते का, एवढे लिहून मगच ती रेघ दुसऱ्याला द्यावी.