आवाजाचा उतार

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर आले ते वसतिगृहाचे भोजनगृह. ताटांचा खणखणाट, रांगेतली कुजबुज आणि त्या सर्वांच्या पलीकडून येणारा, भाकरी थापता थापता ओवी गाणाऱ्या मावशींचा स्वर. मावशी आज नाहीत. त्यांच्या आवाजाचे बारा मिनिटांचे एकच ध्वनिमुद्रण उरले आहे, आणि ते एकदा माझ्याच हातून बिघडले होते. त्या चुकीची आणि तिच्या दुरुस्तीची ही हकिकत.

शाळा सोडल्यानंतर मी ध्वनिमिश्रणाच्या व्यवसायात आलो. गायक, पेटी, ढोलकी, कोरस यांचे स्वतंत्र ट्रॅक एकमेकांत नीट बसवणे म्हणजे मिक्सिंग, आणि तयार गाण्यावर अखेरचा हात फिरवणे म्हणजे मास्टरिंग. या दोन्ही कामांत हमखास लागणारे साधन म्हणजे कॉम्प्रेसर. पूर्वी ते जड लोखंडी पेटीत असे. आज ते प्लगइनच्या रूपाने संगणकात असते.

त्याचे कार्य मी कोणालाही आपल्या संगीताच्या गुरुजींच्या उदाहरणाने सांगतो. समूहगायन चालू असताना गुरुजी रांगांमधून फिरत. एखाद्याचा आवाज इतरांच्या वर गेला की त्याच्यासमोर तळहात हलकेच खाली दाबत. आवाज किती वर गेल्यावर हात दाबायचा, तो थ्रेशोल्ड. किती दाबायचा, तो रेशो. किती तत्परतेने दाबायचा, तो अटॅक. आणि हात कधी उचलायचा, तो रिलीज. थ्रेशोल्ड उणे १८ डेसिबल आणि रेशो ४:१ असेल, तर उणे ६ डेसिबलपर्यंत चढलेला आवाज उणे १५ वर येतो. वरच्या बारांपैकी तीनच डेसिबल शिल्लक राहतात. चढ दबल्यामुळे मग सगळाच आवाज उचलून मोठा करता येतो. त्याबरोबर हळू उच्चारलेले शब्दही वर येतात. कॉम्प्रेसरचा लाभ आणि धोका दोन्ही येथेच आहेत.

मावशींचे ध्वनिमुद्रण मी शाळेच्या एका भेटीत केले होते. पिठाच्या डब्यावर छोटा रेकॉर्डर ठेवला होता. त्यामुळे ओवीबरोबर भाकरीची थाप आणि गॅसच्या भट्टीचा घोंघावही त्यात उतरला. मावशी गेल्यानंतर त्यांच्या मुलाने ते मागितले. तो माझ्यापेक्षा दोन इयत्ता मागे होता. आवाज स्वच्छ आणि भरदार करून द्यावा, म्हणून मी ११७६ या पद्धतीचे प्लगइन लावले.

मूळ ११७६ हे यंत्र बिल पुटनम यांनी १९६७ साली आणले. ते अतिशय चपळ. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सर्वांत संथ ठेवला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. त्याच्या बटणांवर एक ते सात आकडे असतात आणि त्यांत सात म्हणजे सर्वांत वेगवान. मी उलट समजलो. संथ हवा म्हणून रिलीज सातावर नेला, आणि तो ५० मिलिसेकंदांवर जाऊन बसला. शिवाय इनपुट भरपूर वाढवला. प्रत्येक थापेला मावशींचा स्वर दबे आणि थाप सरताच भट्टीचा घोंघाव उसळून वर येई. मला मात्र ते छान वाटले, कारण मूळ मुद्रणापेक्षा ते मोठे ऐकू येत होते.

मुलाने ते ऐकले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, आवाज आईचाच आहे. पण शेवटची ओळ ती अशी नव्हती म्हणत. तिथे ती हळू व्हायची."

तो म्हणाला ते शब्दशः खरे होते. मावशींच्या ओव्यांत माहेर असे, बाबासाहेब असत, लहानपणी गेलेला भाऊ असे. भावाच्या ओवीत शेवटची ओळ त्या जणू स्वतःपुरतीच म्हणत. ती ओळ मी पहिल्या ओळीइतकी मोठी करून ठेवली होती. शब्द सगळे शिल्लक होते, दुःख गेले होते.

सुदैवाने मूळ फाइल मी जपून ठेवली होती. मग एका रविवारी निरनिराळी प्लगइन्स घेऊन बसलो, पण या वेळी एक शिस्त पाळली: प्रत्येकाचा अंतिम आवाज मूळ आवाजाइतकाच ठेवायचा. एखाद्या डेसिबलने मोठा आवाजही कानाला अधिक चांगला भासतो, आणि आपण गुणाऐवजी मोठेपणाला कौल देऊन बसतो. प्लगइनची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने ही शिस्त आधी पाळावी.

प्रथम एलए-२ए या धाटणीचे प्लगइन घेतले. १९६०च्या दशकातील या यंत्रात आवाजाच्या जोरावर एक पट्टी उजळते आणि तो प्रकाश झेलणारा रोधक आवाज दाबतो. त्याची प्रतिक्रिया संथ असते, म्हणून थाप बऱ्याच अंशी सुटली आणि स्वर मऊ राहिला. परंतु त्याचा रिलीज दोन टप्प्यांचा असतो. निम्मी दाब झटकन सुटते, उरलेली सुटायला काही सेकंदही लागतात. चढ्या ओळीनंतर लगेच येणारी हळू ओळ त्यामुळे आणखी बुडाली. संथ भावगीताला शोभणारा हा गुण येथे अडचण ठरला.

नंतर क्लांगहेल्मचे डीसी१ए लावले. हे मोफत मिळते, त्यात मुख्य बटणे दोनच, आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज. ढोलकीवर ते मला आवडते. येथे मात्र थ्रेशोल्ड, अटॅक, रिलीज सारे स्वतंत्रपणे हाती हवे होते. ते टोकियो डॉन लॅब्जच्या कोटेलनिकोव्हमध्ये मिळाले. याचीही मोफत आवृत्ती आहे. क्षणिक टोके आणि सरासरी पातळी यांसाठी त्यात वेगवेगळा रिलीज ठेवता येतो. म्हणजे थापेनंतर दाब लगेच सोडायची, स्वराची मात्र सावकाश.

तरीही शेवटचे उत्तर कोणत्याही प्लगइनने दिले नाही. मी बारा मिनिटांतील थापा एकेक करून हाताने खाली घेतल्या. गोंगाटात हरवणारे शब्द हाताने किंचित उचलले. त्यानंतर रेशो १.५:१ ठेवून कोटेलनिकोव्ह लावले, तेही जेमतेम दोन डेसिबल दबतील इतकेच. बारा मिनिटांसाठी दोन रात्री गेल्या. भट्टीचा घोंघाव काहीसा राहिला. तो राहू दिला. मावशी त्यातच गात असत.

आज नवशिके मित्र विचारतात, सर्वांत चांगला कॉम्प्रेसर कोणता? मी त्यांना उलट विचारतो, या आवाजातले काय जाऊ द्यायचे नाही, ते ठरवलेत का? ते ठरले की मोफत साधनही पुरते. ते ठरले नसेल तर महागडे प्लगइनही केवळ आवाज मोठा करून देते. गुरुजींचे तरी काय होते? त्यांचा हात चढलेल्या आवाजापुढे खाली जाई, पण मुळातच हळू गाणाऱ्या मुलाजवळ ते नुसते थांबत, कान देत आणि पुढे जात.

दुरुस्त मुद्रण मी मुलाकडे पाठवले. संध्याकाळी त्याचा फोन आला. पलीकडे तेच मुद्रण चालू होते. शेवटची ओळ आली, मावशी हळू झाल्या, आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही. त्याच्या संमतीने ती प्रत आता शाळेच्या संग्रहासाठी देत आहे. भोजनगृहात ती लावाल तेव्हा आवाज फार वाढवू नये, एवढीच विनंती.