शिल्लक पुढे ओढू नये

मनःशांती ही वस्तू नशिराबादेत मिळत नाही असं म्हटलं, तर गावकरी माझ्यावर रागावतील. खरी गोष्ट अशी की ती मिळते, पण ज्या वेळी मिळते त्या वेळी घ्यायला कुणी मोकळं नसतं. पहाटे ती मुबलक असते, तेव्हा आपण झोपलेले असतो. मे महिन्यात दुपारी गाव चिडीचूप होतं, तेव्हा आपण बँकेत असतो. संध्याकाळी घ्यायला जावं, तर शेजारी कुणाची तरी हळद असते आणि बँडवाल्यांचा शांतीशी जुना दावा असतो. उरलेल्या वेळात जळगाव-भुसावळच्या दरम्यान धावणारे ट्रक आपापले भोंगे वाजवून चालू स्थितीत असल्याची खात्री करून घेतात.

पूर्वी ताण हा बाजेच्या दोरीला द्यायचा असे, माणसाला नव्हे. माझ्या आजोबांना काळजी होती, वडिलांना कटकट होती, मला टेन्शन आहे आणि माझ्या कन्येला, ती अकरावीत असल्यामुळे, स्ट्रेस आहे. वस्तू एकच. पिढीगणिक तिचं नाव बदलतं आणि डॉक्टरांची फी वाढते.

माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून डॉक्टरांनी फुगवला आणि वरचा आकडा १५६ व खालचा ९८ असं जाहीर केलं. आयुष्यात परीक्षेला कधी इतके गुण मिळाले नव्हते. त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "रोज थोडं ध्यान करा."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणखी वेगळं कशाला करायचं? घरात एक आहेच की."

मराठी भाषेची ही अडचण आहे. समाधी लावलेल्या ऋषीलाही ध्यान म्हणायचं आणि बनियनवर मफलर गुंडाळून दूध आणायला निघालेल्या गृहस्थालाही ध्यानच म्हणायचं.

माझी दुसरी अडचण देवाची. माझा त्याच्याशी व्यवहार अगदी मर्यादित आहे, मुलीची परीक्षा आणि बँकेचं ऑडिट एवढ्यापुरताच. बाकी दिवस मी त्याला त्रास देत नाही. त्यामुळे मंत्र, माळ, मृगाजिन यांत पडायची माझी तयारी नव्हती. इगतपुरीचं विपश्यना केंद्र मला ऐकून ठाऊक होतं. सत्यनारायण गोयंकांनी १९७६ सालापासून तिथे शिबिरं चालू केली. तिथे जात-धर्म विचारत नाहीत, ही गोष्ट मला पटली. पण दहा दिवस मौन! मौनाचं मी जमवलं असतं, विवाहित माणसाला त्याचा सराव असतो. सलग दहा दिवसांची रजा मात्र कोण देणार?

तेव्हा मला एक अमेरिकन सापडला. हर्बर्ट बेन्सन हा हार्वर्डचा हृदयरोगतज्ज्ञ. ध्यानाला बसणाऱ्या माणसांची त्यानं प्रयोगशाळेत तपासणी केली. त्यांचा श्वास मंदावतो आणि शरीराला प्राणवायूही कमी लागतो, असं त्याला दिसलं. त्याच हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यानं १९१५ सालीच भीती आणि राग यांची उलटी बाजू मांडून ठेवली होती. संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, छाती धडधडते, स्नायू आवळतात. वाघ समोर आला तर ही सोय उत्तम. पण काउंटरवर वाघ येत नाही, पासबुक येतं. लढायची परवानगी नाही आणि पळावं तर साडेपाचपर्यंत हजेरी आहे. मग ती सगळी तयारी जागच्या जागी फुकट जाते आणि पट्टा फुगवला की आकड्यात दिसते.

बेन्सननं १९७५ साली आपलं पुस्तक काढलं आणि उपाय सांगितला तो इतका साधा, की त्यासाठी फी मागायची कुणालाही लाज वाटावी. निवांत जागी बसा. डोळे मिटा. पायापासून चेहऱ्यापर्यंत अंग सैल सोडा. नाकानं श्वास घ्या आणि सोडताना मनातल्या मनात एक शब्द म्हणा. कुठलाही चालेल. त्याचे लोक नुसतं 'एक' म्हणत. दहा ते वीस मिनिटं. गजर लावू नका, डोळे किलकिले करून घड्याळ पाहिलं तरी चालतं. विचार आले तर येऊ द्या, भांडू नका, पुन्हा शब्दाकडे वळा. आणि जेवणानंतर दोन तास बसू नका. ही शेवटची अट त्यानं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी न खाताच घातली, याचं मला फार नवल वाटतं.

हा अमेरिकन सापडल्याचा आनंद मी बँकेत एका सहकाऱ्याला सांगितला. तो पडला अमळनेरचा. म्हणाला, "बोस्टनला कशाला जातो? आमच्या गावी ये." आणि त्याचं खरं होतं. जगन्नाथ गणेश गुणे नावाचे गृहस्थ अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळात शिकवत होते. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, 'योगमीमांसा' हे नियतकालिक चालू केलं आणि गूढ म्हणून मिरवणाऱ्या यौगिक क्रियांना सरळ क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं. बेन्सनच्या आधी निदान चाळीस वर्षं! आपल्याकडची वस्तू परदेशी शिक्का मारून आली की आपण ती घेतो, हे काही कापडापुरतंच नाही.

असो. मी बसलो. घरात निवांत जागा एकच, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गच्चीवरून प्रश्न आला, "काय भाऊ, तब्येत बरी नाही का? की वहिनी रागावल्या?" आपल्याकडे माणूस काही न करता बसला की तो आजारी तरी असतो किंवा भांडलेला तरी.

पण शेजाऱ्यापेक्षा मोठा उपद्रव मनाचा. इथून जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी मनाला पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली, ती किती अचूक आहे हे डोळे मिटल्याशिवाय कळत नाही. 'एक' म्हटलं की माझं मन एक टक्का व्याजावर जाई, तिथून मुदतठेवीवर, तिथून मुलीच्या कॉलेजच्या फीवर. मी बेन्सनचा शब्द सोडून श्वास मोजायला लागलो. एक ते दहा, आणि दहा झाले की पुन्हा एकपासून.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला हे पटणं कठीण. दहा झाले तर अकरा का नको? केलेलं काम पुढच्या पानावर ओढायचं नाही, हा कुठला हिशेब? आणि मन भरकटलं, तरी पुन्हा एकपासूनच! मग एके दिवशी आमच्या कॅशिअरकडे पाहताना डोक्यात प्रकाश पडला. नोटा मोजता मोजता कुणी मध्ये बोललं की तो रागावत नाही, स्वतःला दोष देत नाही. बोट ओलं करतो आणि गड्डी पहिल्यापासून मोजतो. लक्ष सुटणं हा गुन्हा नाही आणि परत आणणं हेच काम. इतकी वर्षं तो माणूस ध्यान करतो आहे आणि वर पगारही घेतो आहे.

या हिशेबाचा उपयोग काउंटरवर होतो. लिंक गेलेली असते, रांग दारापर्यंत असते आणि चौथ्यांदा कुणी विचारतं, "साहेब, केळीच्या विम्याचे पैसे आले का?" तेव्हा मी एक सावकाश श्वास सोडतो. श्वास सोडणं लांबलं की नाडीही थोडी मंदावते, हे शरीराचं देणं आहे, त्याला कुणाची शिफारस लागत नाही. मग दिसतं, की हा माणूस चौथ्यांदा विचारत नाही, तो पहिल्यांदाच विचारतो आहे. आधीचे तीन वेगळे होते. त्यांची बाकी याच्या नावे कशाला टाकायची?

आमच्या घरात एक जुना नियम होता. बाबा बँकेतून आले की दहा मिनिटं त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. हा नियम कुणी केला नव्हता, तो आपोआप पडला होता. म्हणजे दहा मिनिटांचं मौन घरात होतंच, फक्त ते बाकीचे दोघं पाळत होते आणि भीतीनं पाळत होते. आता ती दहा मिनिटं मी पाळतो.

रक्तदाब ८४ वर १३४ झाला आहे. श्रेय कुणाचं, गोळीचं की गच्चीचं? डॉक्टर म्हणतात, "दोन्ही चालू ठेवा." आणि बेन्सननं कुठेही गोळ्या फेकून द्या म्हटलेलं नाही, तेव्हा मी दोन्ही चालू ठेवली आहेत. दरम्यान संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन ठरवला आहे. वर्षातून एक दिवस सगळ्या जगानं शांत बसावं, ही कल्पना उत्तम. सुट्टी जाहीर झाली असती तर आणखी शांत बसता आलं असतं.

गेल्या आठवड्यात परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कन्या गच्चीवर आली आणि काही न बोलता शेजारी बसली. मी श्वास मोजायचा सोडला नाही, पण आकडा चुकला. पुन्हा एकपासून सुरुवात केली. खालून हिनं चहासाठी हाक मारली. उत्तर आलं नाही, म्हणून जिना चढून वर आली. आम्हां दोघांकडे बघत क्षणभर थांबली आणि जाता जाता हळूच म्हणाली, "झाली का दोन ध्यानं!"

चहा तिनं झाकून ठेवला होता.