सोळा मेगाबाइटांचा संसार

बिऱ्हाड हलवताना माणसाला आपल्या संसाराचा खरा हिशेब कळतो. संगणकाची प्रणाली एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेणे, ज्याला ‘पोर्टिंग’ म्हणतात, हेही बिऱ्हाड हलवण्यासारखेच. २००४ साली मी ते करून पाहिले.

यंत्र होते कॉम्पॅकचे ‘आयपॅक’, २००० साली बाजारात आलेले, तळहातावर मावणारे. ३२ मेगाबाइट स्मृती आणि १६ मेगाबाइट फ्लॅश, एवढीच त्याची इस्टेट. माझ्या वडिलांच्या हाताला कंप सुटला होता. कागदावर शाईचे फराटे उमटत. काचेच्या पडद्यावर मात्र चुकलेली रेघ पुसून पुन्हा ओढता येई. वसईतल्या आमच्या गावची शेते, विहिरी आणि बावखले यांची जुनी नावे ते त्यावर लिहू लागले. ती जाणणारे त्यांच्या पिढीचे दोघेतिघेच उरले होते.

तथापि त्या काळच्या अशा पुष्कळ यंत्रांत लिहिलेला मजकूर चालू स्मृतीतच राही. बॅटरी पूर्ण उतरली की सारे पुसले जाई. फ्लॅशमधले अक्षर विजेवाचून टिकते, पण ती जागा मूळ प्रणालीने व्यापलेली. तिला उठवून तेथे लिनक्स वसवायचे मी ठरवले.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत इंटेलच्या ३८६ प्रक्रियकासाठी लिहिला. आयपॅकमधल्या आर्म प्रक्रियकाची भाषा निराळी. रसेल किंग यांनी तो गाभा आर्मवर आणला. कॉम्पॅकच्याच केंब्रिज येथील संशोधकांनी तो आयपॅकवर चालवला आणि आपले काम सर्वांसाठी खुले ठेवले. त्या अनोळखी माणसांच्या पुण्याईवर माझे काम उभे राहिले.

माझ्या वाट्याला निवड आली. टेबलावरच्या संगणकावर एकेक भाग आर्मसाठी कंपाइल करायचा आणि विचारायचे, वडिलांना हे लागेल काय? संगीत, छपाई, खेळ गळाले. अनेक आज्ञा एकाच छोट्या फाइलीत सामावणारा ‘बिझीबॉक्स’ घेतला. फाइली ठेवण्यासाठी ‘जेएफएफएस२’ घेतली. ती मजकूर दाबून लहान करते आणि मध्येच वीज गेली तरी आधीच्या नोंदी सांभाळते. उरले घड्याळ आणि रेखाटनाची वही.

खरी कसोटी बूटलोडर बदलण्याची होती. यंत्र जागे होताना सर्वप्रथम धावणारा हा कार्यक्रम. तो लिहिला जात असताना अडथळा आला, तर यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. लिहून झालेली पाने मी आधीच दुसरीकडे उतरवून घेतली होती. पण यंत्र गेले असते तर नवे घेण्याची ऐपत नव्हती, आणि वडिलांचा हात तेथेच थांबला असता.

ते शेजारी बसून होते. “नावं राहतील ना रे आत?”

“राहतील, बाबा.”

बूटलोडर नीट बसला. मग सिरियल तारेवरून सुमारे १० मेगाबाइटांची प्रणाली पंधरा मिनिटे संथपणे झिरपत राहिली. शेवटी पडद्यावर कोरी वही उघडली.

पुढे बॅटरी कितीदा तरी उतरली, नावे राहिली. आता वडील नाहीत. त्या बावखलांपैकी कित्येक बुजली, त्यांवर इमारती उठल्या. थरथरत्या रेघांची ती पाने मात्र माझ्या आजच्या संगणकात आहेत, आणि माझी नात त्यांतले एकेक नाव मोठ्याने वाचते.