कुलूप आणि किटली

विसरणे हा गुन्हा असता, तर परीक्षेच्या दिवसांत आम्हां सगळ्या विद्यार्थ्यांना तुरुंगातच बसावे लागले असते! पण आमचे विसरणे निराळे आणि माझ्या आजीचे निराळे. आम्ही सनावळ्या विसरतो. ती जेवल्याचे विसरते, गॅसवर चहा ठेवल्याचे विसरते आणि मला ‘अक्का’ म्हणून हाक मारते. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. माझ्या जन्माआधीच ती वारली.

डॉक्टर या आजाराला अल्झायमर म्हणतात. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याचे पहिले वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव त्याला मिळाले. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आमच्या दोन खोल्यांत त्यांतले एकच माणूस आहे; पण घर भरून आहे. कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिली मी. म्हणून आई म्हणते, ‘तू शिकलेली, तूच काहीतरी शोध.’

शोधायलाच हवे, कारण आज आमच्याकडे एकच उपाय आहे, कुलूप! आई सकाळी सूतगिरणीत जाते, मी कॉलेजात येते. दुपारी मी परत जाईपर्यंत आजी आत आणि कुलूप बाहेर. सिलिंडरही बंद. जिने पन्नास वर्षे सगळ्या घराला रांधून घातले, तिला स्वतःच्या घरात घोटभर चहा करता येत नाही. याला घर म्हणावे की कोंडवाडा?

मग इतर देशांत लोक काय करतात, ते मी वाचू लागले. १९९६ साली टोकियोत एक वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा घरातच मरण पावले; शेजाऱ्यांना ते कळले बऱ्याच दिवसांनी. त्यानंतर झोजिरुशी या जपानी कंपनीने २००१ साली एक विजेची किटली आणली. म्हाताऱ्या माणसाने तिच्यातून चहासाठी पाणी घेतले, की त्याची नोंद दूरच्या मुलांच्या मोबाइलवर जाई. ती काही खास विसराळू माणसांसाठी केलेली नव्हती. पण तिची एक गोष्ट मला फार भावली. ती माणसाला नवे काहीही शिकायला लावत नाही! या आजारात नवे शिकणेच तर आधी जाते. हाताची जुनी सवय मात्र पुष्कळ काळ टिकते. आजीला आज वार कोणता ते सांगता येत नाही. पण चंची सोडून पानाला चुना लावताना तिचे बोट चुकत नाही.

कॅनडात टोरांटोमध्ये अलेक्स मिहायलिडिस या संशोधकाने हात धुताना अडखळणाऱ्या माणसाला पुढची पायरी बोलून सांगणारी यंत्रणा केली. कॅमेरा पाहतो, माणूस अडला, की आवाज येतो. कल्पना थोर खरी. पण शेजारच्या मुलाचा मोबाइल एकदा असाच आपणहून बोलू लागला, तेव्हा आजीने लगबगीने डोक्यावर पदर घेतला आणि विचारले, ‘कोण पाव्हणं आलं गं?’ तिच्याशी यंत्राला बोलायचेच असेल, तर ते आईच्या आवाजात बोलावे. आणि न्हाणीत कॅमेरा तर नकोच. आठवण गेली म्हणून लाज जात नाही.

मी कला शाखेची. मला यंत्र करता येणार नाही. पण करणाऱ्यांना सांगता येईल, की आधी दोन दिवस आमच्या घरी राहा. आजीची चंची केव्हा सुटते, दिवेलागणीला ती देव्हाऱ्याकडे कशी वळते, ते पाहा. शेगडी विसरली गेली तर आपोआप विझावी, एवढे करा. चहा मात्र तिलाच करू द्या. दार उघडले तर शेजारच्या काकूंना कळावे, एवढे करा; दार मात्र उघडे राहू द्या.

निरोप पोचल्यावर धावत यायला काकूच लागणार. त्यांना मी विचारले आहे. त्या हो म्हणाल्या आहेत. मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाचा भाऊ वा बहीण इंजिनिअरिंगला असेल, तर माझी गाठ घालून द्या. माणूस तयार आहे, यंत्र तेवढे हवे आहे!